ऊन दाखवणे

भुसावळात, रेल्वे दवाखान्याच्या मागच्या गल्लीत
मी दुसऱ्यांचं रक्त मोजते.
बारा वर्षं. ट्यूब, स्टिकर, नाव, वय.
बाहेर शेहेचाळीस, आत चोवीस.
खिडकीच्या काचेवर काळी फिल्म,
कारण मशीनला ऊन सोसत नाही.

एप्रिल संपता संपता जिना चढताना मांड्या भरून येऊ लागल्या.
नडगीवर अंगठा दाबला की आतून ठणका.
वाटलं, चाळिशी.
वाटलं, पाळी जायची वेळ.
वाटलं, बाईमाणूस, दुखायचंच.
मग एका दुपारी गर्दी नव्हती,
मी माझीच ट्यूब लावली.
रत्नमाला लोटन बडगुजर, वय एक्केचाळीस.
आकडा आला: नऊ.
तीस तरी हवा.
पुन्हा लावली.
नऊ पूर्णांक दोन.

मी एकटीच हसले.
या गावात डांबर चपलेला चिकटून घरी येतं,
कुत्री गटारीत पोट टेकून दुपार काढतात,
आणि माझ्या हाडांना उन्हाचा पत्ता नाही!

"ऊन कधी लागतं तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं.
मी हिशेब मांडला.
सकाळी सातला स्कूटी: सनकोट, हातमोजे, स्कार्फ, गॉगल,
उघडं राहतं ते दोन बोटं कपाळ.
परत येते तेव्हा दिवे लागलेले.
रविवारी दारं लावून कुलर.
"काळी पडशील, कोण करेल?" आई म्हणायची.
केलं. अठरा वर्षं झाली करून.
तरी ती भीती अजून हातमोज्यात आहे, दहाही बोटांत.

आठवड्याला एक पुडी, दुधातून, जेवणावर,
आठ आठवडे. मग पुन्हा तपासू.
"आणि मनाने वाढवू नका,
जास्त झालं की मूतखडा."
अंडी, मासे आमच्या घरात चालत नाहीत.
"मग ऊन तरी चालू द्या," डॉक्टर म्हणाले,
"कोवळं नुसतं छान वाटतं, ते कामाचं नाही.
सावली तुमच्याहून आखूड झाली की बसा,
हात उघडे, डोकं झाकलेलं, दहा-पंधरा मिनिटं.
त्याहून जास्त नको, हा मे महिना आहे."

गच्चीवर केवळबाई आधीच बसलेली.
बेटावदची. आमच्या गल्लीचे पापड राखते,
कावळ्यांसाठी हातात काठी.
उडदाचे पापड, कुरडया, मिरच्या,
गव्हाची चादर, बरणीतलं लोणचं,
शेजारच्यांच्या गाद्या, माझा लग्नाचा शालूसुद्धा.
सगळ्याला आम्ही ऊन दाखवतो,
कीड लागू नये म्हणून.

"काय व्हयनं माय तुले?"
मी सांगितलं. नऊचं सांगितलं, पुडीचं सांगितलं.
ती काठी मांडीवर ठेवून हसली:
"म्हंजे तुले बी कीड लागनी."

उठताना तिनेही गुडघा धरला.
मी म्हटलं, बाई, तुझंही बघू या.
"कितला पैसा?"
चौदाशे.
"तितलामा मन्ही पोरनी फी भराई जाई."
मी पैशांचं मी बघते म्हणाले.
ती कावळा हाकलायला गेली.

मनगटापर्यंत पोलकं तिचं, डोक्यावरून पदर.
सबंध मे महिना उन्हात,
आणि ऊन लागतं ते पापडांना.
तिचा आकडा मला माहीत नाही.

मी हातमोजे काढून बाह्या दुमडल्या.
कोपराच्या वर माझी कातडी
कुणा दुसऱ्याच बाईची, गोरी, ओलसर.
लाज वाटली. मग चटका बसला.
सावली पायाशी गोळा झालेली.

बारा मिनिटं झाली असतील.
केवळबाईने पहिल्या रांगेतला पापड उचलून पाहिला.
"आते दुसरी बाजू," ती म्हणाली,
आणि मी हात उलटे केले.